गुरुजींची बोटे

सायंवंदना आटोपली, त्रिशरण-पंचशील झाले, तरी वसतिगृहाच्या ओसरीवरील सतरंज्या लगेच उचलल्या जात नसत. जेवणाची घंटा होण्यास अर्धा तास अवकाश असे आणि तो अर्धा तास गुरुजींचा होता. ते पेटीचा भाता उघडीत, डावा हात संथपणे हलू लागे, आणि दिवसभराच्या भांडणांनी, गृहपाठांनी व घरच्या आठवणींनी विखुरलेली आम्हां मुलांची मने हळूहळू एका सुरावर येऊन बसत. ज्यांनी आपल्या शाळेत एक वर्ष जरी काढले असेल, त्यांना तो अर्धा तास निराळा सांगावयास नको.

गुरुजी सर्वांना ठाऊक असलेली भीमगीते गात, तशीच स्वतःचीही गात. जूनमध्ये नव्याने आलेली लहान मुले रात्री उशीत तोंड खुपसून रडत. त्यांच्यासाठी एक गीत होते. वर्षावासाचे एक होते, सहा डिसेंबरचे एक होते, दहावीच्या मुलांना निरोप देण्याचे एक होते. विहिरीवरून पाणी आणताना म्हणावयाचे एक गमतीचे गाणे तर निम्मे अहिराणीतच होते. यातील एकही गीत त्यांनी कागदावर उतरविले नाही. आम्ही विचारले, तर म्हणत, "तुम्हाला पाठ आहे ना? मग कागदाला कशाला त्रास?"

या स्मरणिकेसोबत त्या गीतांचे ध्वनिमुद्रणही काढावे असे समितीने ठरविले आणि ते काम आम्हां तिघांकडे आले. आमच्यापैकी एकाकडे लॅपटॉप होता, दुसऱ्याकडे मुलीसाठी घेतलेला कीबोर्ड होता आणि तिसऱ्याकडे रविवारची सवड होती. याहून मोठी पात्रता आमच्याजवळ नव्हती. दोघे जळगावचे, एक धुळ्याचा. निवृत्तीनंतर गुरुजीही धुळ्यासच राहत. शाळेच्या जुन्या पेटीचा भाता फाटला होता, दोन-तीन स्वर मुके झाले होते. म्हणून पेटीऐवजी कीबोर्ड घ्यावा आणि तो घरच्या संगणकाला जोडून गीते नोंदवावीत, असा बेत ठरला. पैसे फारसे नव्हते. स्टुडिओचे भाडे परवडणारे नव्हते. शिवाय, घरी बसून हे काम होते असे ऐकले होते, आणि ते खरेही होते.

पहिला प्रयत्न जळगावच्या घरी झाला. कीबोर्डच्या इअरफोनच्या छिद्रातून वायर काढून ती आम्ही लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात घातली. आवाज आला, पण फाटलेला, आणि त्याच्यामागे भुंग्यासारखी अखंड गुणगुण. माइकसाठी असलेले छिद्र अगदी क्षीण आवाजासाठी केलेले असते. त्यात इअरफोनचा मोठा आवाज ओतला की तो फाटणारच. गुणगुणीचे कारण मात्र दोन रविवारांनी सापडले. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालविताच गुणगुण थांबली. घराच्या वायरिंगला अर्थिंग धड नव्हते आणि तो दोष आमच्या ध्वनिमुद्रणात गात होता.

मग एका ओळखीच्या तंत्रज्ञाने मार्ग दाखविला. कीबोर्डच्या पाठीमागे एक चौकोनी छिद्र असते. तेथे प्रिंटरला लावतात तीच यूएसबी वायर बसते. ती लावली, संगणकाने कीबोर्ड ओळखला, सॉफ्टवेअरमध्ये नोंदणीचे लाल बटण दाबले, वाजविले, आणि पुन्हा ऐकू गेलो तो शांतता! पडद्यावर लहान-लहान पट्ट्या उमटल्या होत्या, परंतु आवाज कणभरही नव्हता. वायर खराब आहे असे समजून आम्ही दुसरी आणली. तरीही शांतताच.

येथे आम्हांस एक जुना दृष्टांत आठवला, जो गुरुजींनीच आम्हांला सांगितला होता. संयुत्त निकायात भगवंतांनी एका राजाची गोष्ट सांगितली आहे. त्या राजाने आयुष्यात प्रथमच वीणेचा नाद ऐकला आणि मोहून जाऊन तो नाद आपल्यापुढे आणण्याची आज्ञा केली. सेवकांनी वीणा आणली. राजा म्हणाला, वीणा नको, मला तो नाद हवा. सेवकांनी सांगितले की दांडी, तारा, भोपळा आणि वाजविणाऱ्याचा प्रयत्न अशा अनेक गोष्टी एकत्र येतात तेव्हा नाद होतो. राजाने वीणेचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, ते जाळले, राख वाऱ्यावर उधळली. नाद कोठेच सापडला नाही. आम्हीही वायरीत नाद शोधीत होतो.

त्या वायरीतून आवाज जातच नाही. तिच्यातून जातो तो केवळ निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, अमुक क्षणी सोडली. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नसे; ती अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ही भाषा तयार झाली आणि १९८३ साली दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून ती जगापुढे आली. चाळीस वर्षे उलटून गेली तरी तीच भाषा चालते. पट्टी किती जोराने दाबली हे ती १ ते १२७ या आकड्यांत सांगते. संगणकात त्या निरोपाला आवाज देणारे एखादे वाद्य आधी निवडावे लागते. ते निवडले की मुक्या पट्ट्या बोलू लागतात. पेटी निवडा, पेटी वाजेल. बासरी निवडा, तेच बोटांचे काम बासरीतून ऐकू येईल. आवाजाची एक मिनिटाची चांगल्या प्रतीची नोंद सुमारे दहा एमबी जागा घेते. निरोपांची फाईल त्यापुढे नगण्य. पुढे आमच्या अकरा गीतांच्या साऱ्या फायली मिळून मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राहून लहान भरल्या.

हे सारे हाती आल्यावर आम्हांस फार आनंद झाला आणि, आज प्रांजळपणे सांगावयास हवे, थोडा गर्वही झाला.

फेब्रुवारीतील एका रविवारी कीबोर्ड जुन्या गोधडीत गुंडाळून, एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.ने आम्ही धुळ्यास गेलो. गुरुजींनी कीबोर्डाकडे पाहिले, मांडीवर घेऊन पाहिला, मग पाटावर ठेवला. वाजवू लागले आणि थांबले. म्हणाले, "हाई पेटी मांगून बोलस रे भो. मी पुढे जास, ती मांगे ऱ्हास." त्यांचा कान अचूक होता. पट्टी दाबल्यापासून संगणकातून स्वर येईपर्यंत क्षणाचा उशीर होत होता. संगणक आवाज थोडा-थोडा साठवून पुढे पाठवितो. साठा मोठा असला तर काम निर्वेध चालते, पण उशीर होतो. आम्ही तो साठा १०२४ नमुन्यांवरून २५६ वर आणला. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तेवीस मिलिसेकंदांचा साठा सहांवर आला. त्याच्या जोडीला ध्वनीचा वेगळा ड्रायव्हरही घातला. गुरुजींनी पुन्हा वाजविले आणि मान हलविली. आमच्यापैकी एकालाही तो उशीर जाणवला नव्हता.

दुसरी गोष्ट आम्हांस सुधारता आली नाही. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यातून येतो, बोटांतून नव्हे. जन्मभर ज्याने भाता हलविला त्याचा डावा हात रिकामा बसेना. उजव्या हाताने गुरुजी वाजवीत आणि डावा हात कीबोर्डच्या पाठीमागे, जेथे भाता असावयास हवा होता तेथे, हवेतच मागेपुढे होई. आम्ही पाहत होतो. हसू आले, आणि मग आले नाही. इकडे बोटांच्या जोराकडे त्यांनी कधी लक्ष देण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे संगणकावर एक स्वर मोठा, एक अगदी बारीक असे उमटले. शेवटी आम्ही सर्व स्वरांचा जोर सारखा केला, म्हणजे निदान पेटीसारखे तरी वाटले.

तालाचेही तसेच झाले. सॉफ्टवेअर ठोका देते. त्या ठोक्यावर वाजविले की पुढे तबला-ढोलकी जोडणे सोपे जाते. गुरुजींनी दोन ओळी ठोक्यावर वाजविल्या आणि इअरफोन काढून ठेवला. "हे घड्याळ बंद करा. मुले श्वास घेतात तेवढे थांबावे लागते." आम्ही ठोका बंद केला. मात्र जळगावला परतल्यावर आम्हांस राहवेना. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: पुढेमागे पडलेला प्रत्येक स्वर ती उचलून नेमक्या मात्रेवर नेऊन बसविते. आम्ही एका निरोपगीतावर ती चालविली. सर्व स्वर रांगेत उभे राहिले, कवायतीसारखे. गीत तेच होते, चूक एकही नव्हती, परंतु ते गुरुजींचे राहिले नव्हते. मूळ फाईल निराळी जपून ठेवली होती म्हणून निभावले. त्या दिवसापासून मूळ फाईलला कोणी हात लावावयाचा नाही, प्रयोग करावयाचे ते नकलेवर, असा नियम आम्ही केला.

आता आमच्या चुकीकडे येतो. तिच्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

त्या दोन बैठकांत, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मिळून, गुरुजींनी अकरा गीते वाजविली. वाजविताना ते गात होते. पूर्वी काळी दोनमध्ये गाणारा तो आवाज आता पांढरी एकवर उतरला होता, थरथरत होता, तरीही शब्द स्पष्ट होते. ते तासभर आमच्यासमोर गात होते आणि आमच्या यंत्राने त्यातील एक अक्षरही घेतले नव्हते. कारण वायरीतून जात होते ते केवळ बोटांचे निरोप. आम्हांस हे ठाऊक होते. गुरुजींच्या सूनबाई म्हणाल्याही, "भाऊ, मोबाइलवर घेऊन ठेवू का?" आम्हीच म्हणालो, "राहू द्या वहिनी, मोबाइलवर पंख्याचा आवाज येतो. चांगला माइक आणतो, मग नीट घेऊ."

माइकची वर्गणी जमण्यास एप्रिल उजाडला. जयंतीच्या धामधुमीत तो महिना गेला. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचे ऊन आपण जाणताच. दारे-खिडक्या लावून, गोधड्या टांगून, पंखा बंद करून त्या वयाच्या माणसाला बसविणे शक्य नव्हते. पाऊस पडला की जाऊ असे ठरले. पाऊस पडला. वर्षावासाच्या प्रारंभीच्या पौर्णिमेस चार दिवस असताना गुरुजी गेले.

माइक आजही आमच्याकडे आहे. चांगला आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही त्या फायली उघडून बसलो. पेटीचा आवाज निवडला आणि वाजविले. खोलीत गुरुजी नव्हते, पण त्यांची बोटे होती. तिसऱ्या ओळीआधी ते नेहमी किंचित थबकत, तसेच थबकले. समेवर येताना एक स्वर ते हलकेच आधी घेत, तसाच घेतला. नव्हता तो फक्त कंठ, आणि कंठाबरोबर शब्दही गेले होते.

आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरून घेतल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या महाराष्ट्रासमोर आल्या. घरातील माणसाने वेळेवर लेखणी उचलली म्हणून ते शब्द राहिले. आमच्याजवळ लेखणीपेक्षा कितीतरी मोठे साधन होते. आम्ही स्वर राखले आणि शब्द घालविले. आणि घालविले तेही साधन नव्हते म्हणून नव्हे, तर अधिक चांगल्या साधनाची वाट पाहत बसलो म्हणून.

त्यानंतर पंधरवड्याने ३१ जुलै आली. बाबासाहेब १९३७ साली धुळ्यास आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी त्या दिवशी आपले लोक तेथे जमतात, हे खानदेशातील वाचकांस ठाऊकच आहे. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थीही तेथे भेटतात. पावसात झाडाखाली उभे राहून आम्ही मोबाइलवर पहिली फाईल लावली. नंदुरबारकडून आलेल्या एका थोरल्या बंधूंनी दोन स्वर ऐकताच पहिले कडवे म्हटले. दुसरे कडवे त्यांना आठवेना. ते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका ताईंना आठवले. तिसऱ्या कडव्यावरून तिघांत वाद झाला, कारण तिघांच्या तुकड्या निरनिराळ्या वर्षांच्या होत्या आणि गुरुजींनी मधल्या काळात शब्द बदलले होते. आम्ही तिन्ही पाठ लिहून घेतले. या वेळी प्रत्येकाचे गाणे मोबाइलवर घेतले, पावसाच्या आवाजासकट, मागून हाका मारणाऱ्या मुलांसकट.

भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहास पाचशे भिक्षू जमले. आनंदांनी जे ऐकले होते ते सांगितले, उपालींनी विनय सांगितला आणि सर्वांनी मिळून ते म्हटले. म्हणून त्या सभेला संगीती हे नाव आहे: एकत्र म्हणणे. पुढे कित्येक शतके धम्मवचन कंठातच राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते प्रथम लिहिले गेले. एवढा काळ ते टिकले, कारण ते कोणा एकाच्या कंठात नव्हते. एकजण विसरला तर दुसरा थांबवीत असे. आमच्या लहानशा कामाला त्या थोर घटनेचे नाव देणे योग्य नव्हे. परंतु रीत तीच होती, आणि ती आम्हांस गुरुजींनीच लावली होती. "तुम्हाला पाठ आहे ना?" या त्यांच्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या सभागृहात सुमारे चाळीस माजी विद्यार्थी जमले. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, पंखे बंद केले, वसतिगृहातील सर्व गोधड्या खिडक्यांवर टांगल्या. गुरुजींच्या उतरलेल्या आवाजाची पट्टी आमच्या गळ्यांना खाली पडत होती. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सर्व स्वर तीन पट्ट्या वर सरकविले आणि पेटी पुन्हा काळी दोनमध्ये बोलू लागली, ओसरीवर बोलत असे तशी. निरोपांच्या भाषेचा हा गुण मानावाच लागेल. आवाजाची फीत असती तर हे इतके सहज साधले नसते. ठोका लावला नाही. पेटीचा स्वर सर्वांना ऐकू जावा एवढाच लहान ठेवला आणि मध्ये तो माइक उभा केला.

पहिले गीत सुरू झाले. केस पिकलेली मंडळी, बँकेतील, शाळांतील, शेतातील, एकजण तर त्याच सकाळी रात्रपाळी करून आलेला. तिसऱ्या ओळीआधी पेटी थबकली आणि कोणी खूण न करता चाळीस जणांनी एकदम श्वास घेतला. तो श्वास ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. नंतर एकाने सुचविले की तो सॉफ्टवेअरने काढून टाकता येईल. आम्ही काढला नाही. मुले श्वास घेतात तेवढे थांबावे लागते, असे गुरुजी म्हणाले होते. ते थांबणे त्यांनी आमच्यासाठी तेथे ठेवले होते.

अशा रीतीने नऊ गीते शब्दांसह पूर्ण झाली आहेत आणि ती या स्मरणिकेसोबत शाळेच्या कार्यालयात प्रत्येकास मिळू शकतील. दोन गीतांचे शब्द अद्याप कोणालाही आठवलेले नाहीत. त्यांचे फक्त स्वर आहेत. त्यांपैकी एक संथ आहे आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी वर चढते. दुसरे जलद आहे, विहिरीवरच्या गाण्याच्या चालीचे. ती दोन्हीही आम्ही तशीच, बिनशब्दांची, सोबत दिली आहेत. आपल्यापैकी कोणी, विशेषतः पहिल्या तुकड्यांतील बंधू-भगिनींनी, ती ऐकावीत. एखादी ओळ आठवली तर ओळ, एखादा शब्द आठवला तर शब्द कळवावा. अर्धवट आठवले म्हणून संकोच करू नये. उरलेले अर्धे दुसऱ्या कोणाजवळ असेल.

आणि एक विनंती. आपल्या प्रत्येकाच्या घरी, गल्लीत, विहारात जात्यावरची ओवी म्हणणारी एखादी आजी आहे, जलशातील गाणी पाठ असलेले एखादे आजोबा आहेत. चांगला माइक येईपर्यंत थांबू नका. पंख्याचा आवाज येऊ द्या, कुकरची शिट्टी येऊ द्या. खिशात जो मोबाइल आहे तो आज संध्याकाळीच त्यांच्यासमोर ठेवा, त्यांचे नाव, गाव आणि तारीख आधी बोलून घ्या, आणि त्यांना म्हणू द्या. मग ती नोंद दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. वायरी, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर हे सारे नंतर शिकता येते, आम्हीही शिकलो. आधी कंठ घ्या.